मंद जोराची बंदूक आणि चुकलेला नेम

नोव्हेंबर २०२० चा शेवटचा आठवडा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याला फार जड गेला. सुर्डी व किन्ही या गावांच्या शिवारांत बिबट्याने माणसांवर झडप घातली. बळी पडलेल्यांत एक लहान मुलगाही होता. रब्बीच्या पिकाला पाणी द्यावयाचे तर वीज पुष्कळदा रात्रीच मिळते, आणि वीज आली की शेतकऱ्याला कंदील किंवा बॅटरी घेऊन बांधावर जावेच लागते. त्या दिवसांत बांधावर जाणाऱ्या माणसाच्या घरची मंडळी तो परत येईपर्यंत जागी असत. वनखात्याची पथके आली, पिंजरे लागले, कॅमेरे बसले. पुढे हे सत्र शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात सुरू राहिले, आणि अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी त्याच तालुक्यात नरभक्षक ठरविलेल्या बिबट्याला गोळी घालण्यात आली.

अशी वार्ता शहरात पोहोचली म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो. गोळी घालण्यापेक्षा भुलीचे औषध मारून त्या जनावराला जिवंत का धरले नाही? प्रश्न दयाबुद्धीचा आहे, आणि कायद्याचा आशयही तोच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जीवितास घातक झाला, तरी त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्यावाचून त्याला मारण्याची आज्ञा देता येत नाही. म्हणजे बिबट्याच्या प्राणाची आणि गावाच्या सुटकेची पहिली आशा ज्या साधनावर टांगलेली असते, त्यांत भुलीचा बाण फेकणारी ही मंद जोराची बंदूक असते. या बंदुकीचा नेम का चुकतो, आणि तो चुकू नये म्हणून काय पाहावयाचे असते, हे समजले म्हणजे वरील प्रश्न किती अवघड आहे तेही समजते.

ज्याला डार्ट म्हणतात तो हा बाण म्हणजे वस्तुतः उडणारी पिचकारीच होय. पुढे जाड सुई, तिच्यामागे औषधाची कोठी, त्यामागे सरकता दट्ट्या व त्याच्यापाठी कोंडलेली हवा, आणि शेवटी लोकरीचा किंवा तंतूंचा गोंडा, अशी त्याची साधारण रचना असते. सुईचे भोक टोकाशी नसून बाजूस असते व त्यावर रबरासारखी एक लहान नळी चढविलेली असते. सुई कातडीत शिरली की ही नळी मागे सरते, भोक उघडे पडते, आणि कोंडलेली हवा दट्ट्याला रेटून औषध स्नायूत सोडते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात हरणे जिवंत पकडण्यासाठी १९५० नंतरच्या दशकात अशा बंदुकीचे प्रयोग झाले, आणि त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये कॉलिन मर्डोक या संशोधकानेही या कामात मोठी भर घातली. आज काही बंदुकांत बाण ढकलण्यासाठी दारूचे लहानसे गोळीविरहित काडतूस वापरतात, तर काहींत कार्बन डाय-ऑक्साइड वायू किंवा दाबलेली हवा.

या बंदुकीला जोर कमी ठेवावा लागतो तो नाइलाजाने नव्हे. जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल सुमारे ११ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदास सुमारे ७४० मीटर वेगाने फेकीत असे. बाणाचे वजन १० ग्रॅम व वेग सेकंदास ६० मीटर धरला, तर त्या गोळीच्या अंगची शक्ती बाणाच्या शक्तीच्या सुमारे १७० पट भरते. तेवढ्या जोराने सुई मारली तर औषधाचे काम उरणारच नाही. जनावराचे हाड मोडेल किंवा सुई आतड्यांत शिरेल. उलट जोर फारच कमी पडला तर बाण कातडीवर आपटून खाली पडेल. सैनिकाची रायफल नेहमी पूर्ण जोराने उडते. भुलीच्या बंदुकीचा जोर मात्र समोरच्या जनावराच्या अंतरानुसार दर वेळी ठरवून घ्यावा लागतो. तिची सारी अडचण येथूनच सुरू होते.

श्रोत्यांनी एक साधे गणित मनाशी करून पाहावे. नळीतून सुटलेली कोणतीही वस्तू त्याच क्षणापासून खाली पडू लागते, आणि वाटेत जितका अधिक वेळ जाईल त्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात ती खाली येते. हवेचा अडथळा तूर्त बाजूस ठेवू. सेकंदास ७०० मीटर वेगाची गोळी ३० मीटर अंतर जाईपर्यंत सुमारे ९ मिलिमीटर खाली येते. सेकंदास ६० मीटर वेगाचा बाण तेवढ्याच अंतरात अर्धा सेकंद घेतो आणि सव्वा मीटर खाली येतो. हे पडणे ठरावीक असते तर काही बिघडले नसते. नळी तेवढी वर धरून हिशेब भागविता येतो. परंतु काही कारणाने दोहोंचा वेग शेकडा १० ने घटला असे समजा. गोळी पूर्वीपेक्षा २ मिलिमीटर खाली लागेल, आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. बाण मात्र सुमारे २९ सेंटिमीटर खाली जाईल, म्हणजे मांडीवर धरलेला नेम पोटाखालच्या गवतात जाईल. दोष तोच, प्रमाणही तेच, पण फळ शंभरपटीहून अधिक. पूर्ण जोराची बंदूक आपल्या वेगाच्या बळावर शेकडो लहान चुका पोटात घालते. मंद जोराची बंदूक त्यांतील प्रत्येक चूक मोठी करून दाखविते.

यावरून मंदपणा हाच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे असे कोणास वाटेल, पण ते खरे नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेतील काडतूसही मंद जोराचेच असते. पॉइंट टू-टू बोअरची ती छोटी गोळी सेकंदास सुमारे ३३० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित सावकाश जाते. तो वेग मुद्दाम तसा राखलेला असतो. कारण ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या किंवा त्या मर्यादेवरून खाली उतरणाऱ्या गोळीला हवेत हिसके बसतात. अशा सावकाश गोळीने ५० मीटरवरील, अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा वेध घ्यावयाचा असतो, आणि तो घेतला जातो. याचे कारण एक गोळी आणि दुसरी गोळी यांत फरक जवळजवळ नसतो. मोठे नेमबाज एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे आणवितात, रायफल पक्क्या चिमट्यात आवळून ती झाडून पाहतात, आणि जो घाणा आपल्या नळीला मानवेल त्याचाच साठा करतात. तेव्हा नेमाचा शत्रू कमी वेग नव्हे. दर वेळी बदलणारा वेग हा त्याचा खरा शत्रू होय. भुलीच्या बंदुकीचा दोष शोधावयाचा म्हणजे हा बदल कोठून येतो ते शोधावयाचे.

पहिला संशय दारूवर घ्यावा लागतो. मोठ्या काडतुसात थोडीच दारू भरली की आत मोकळी जागा राहते. बंदूक खाली झुकविली तर दारू पुढे घसरते, वर उचलली तर मागे टोपीजवळ जमते. टोपीची ठिणगी एका वेळी साऱ्या दारूला एकदम भिडते, दुसऱ्या वेळी तिच्यावरून नुसती वाहत जाते. आणि दोन्ही वेळी मापून सारखीच दारू घातलेली असूनही वेग निराळा येतो. मचाणावरून खाली नेम धरणारा आणि बांधावरून वर नेम धरणारा यांचे अनुभव जुळत नाहीत ते पुष्कळदा यामुळे. रायफलची काडतुसे हलकी करून वापरणाऱ्यांना जगभर हीच तक्रार भोवते. त्यात दुसरे भय असे की, जोर फार कमी पडला तर गोळी नळीतच अडकून बसते, आणि ते ध्यानात न येता पुढचा बार काढला तर नळी फुटते. मंद जळणारी दारू अतिशय थोडी भरली असता दाब कमी होण्याऐवजी एकाएकी भयंकर वाढल्याचे प्रकारही नोंदलेले आहेत. म्हणून भुलीच्या बंदुकीसाठी दारूची काडतुसे कारखान्यातूनच लहान आकाराची, आपल्या मापाला पुरती भरलेली आणि जोराप्रमाणे निरनिराळ्या रंगांची करतात. रंग अंतराला जुळवावयाचा, आत हात घालावयाचा नाही, हा तेथील नियम. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हाच आहे. आणि या बाबतीत कायदा व शहाणपण एकाच बाजूस उभे आहेत.

दुसरा संशय वायूवर. कार्बन डाय-ऑक्साइड कुपीत द्रवरूपाने भरलेला असतो, आणि त्याचा दाब सर्वस्वी उष्णमानावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सियसला तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो, १० अंशांला ४५ पटींवर येतो, तर ३० अंशांला ७२ पटींच्या आसपास चढतो. बालाघाटच्या डोंगरपट्टीत हिवाळ्याची पहाट चांगलीच गार असते आणि त्याच दिवशी दुपारी ऊन तापते. ज्या बंदुकीत कुपीतला वायू थेट बाणामागे सुटतो, तिच्यावर दुपारी बसविलेला नेम पहाटे खाली येतो तो याच कारणाने. चांगल्या बंदुकीत कुपी आणि नळी यांच्या मध्ये एक कोठी असते. झडप उघडून या कोठीत हवा तेवढा दाब भरावयाचा व काट्यावर वाचावयाचा. येथे उष्णमानाचा उपद्रव कमी होतो, पण दुसरे दोष शिरतात. झडपेची रबरी चकती झिजली असेल तर भरलेला दाब क्षणाक्षणाला उतरत जातो. नेम धरून पाच मिनिटे बिबट्याची वाट पाहिली तर काट्यावर भरताना वाचलेला दाब बार काढताना उरलेला नसतो. लागोपाठ बार काढले तर पसरणारा वायू स्वतःच थंड होतो आणि कोठीही गार पडते. म्हणून दाब भरल्यावर थोडा वेळ थांबून काटा पुन्हा पाहावा, आणि बार काढण्यापूर्वी तिसऱ्यांदा पाहावा, हा अनुभवी माणसांचा शिरस्ता आहे.

तिसरा संशय खुद्द बाणावर. एका बाणात औषध पूर्ण भरलेले आणि दुसऱ्यात अर्धे, असे झाले की वजन बदलले, वेग बदलला. अर्धवट भरलेल्या कोठीत द्रव हेलकावे खातो आणि बाणाचा तोल बिघडवितो तो निराळाच. औषधाची मात्रा जनावराच्या वजनावर ठरते, बाणाच्या सोयीने नव्हे. म्हणून मात्रा थोडी असेल तर निर्जंतुक पाणी घालून कोठी भरतात. वाकलेली सुई, एका बाजूस चढलेली रबरी नळी, वापरून चेपलेला किंवा दवाने भिजलेला गोंडा यांपैकी एकही दोष पुरे आहे. गोंड्याचे काम पतंगाच्या शेपटीसारखे आहे; तो मागून ओढ देतो म्हणून सुई पुढे राहते. गोंडा निकामी झाला की बाण हवेत डोलतो, वेग गमावतो आणि आडवा आपटतो. नळीत धूळ किंवा सांडलेल्या औषधाचा चिकट थर राहिला तर एक बाण घासत जातो. बाण नळीपेक्षा बारीक असला तर वायू त्याच्या कडेने निसटतो. नळी कोरडी व स्वच्छ असणे ही येथे केवळ टापटीप नव्हे.

चौथा संशय अंतरावर, आणि प्रत्यक्ष शिवारात हाच सर्वांत घातक. बाणाचा जोर ३० मीटरसाठी लावला आणि जनावर वस्तुतः ३५ मीटरवर होते, तर त्या पाच मीटरांनी बाण बराच खाली उतरतो. संधिप्रकाशात, उंच उसाच्या कडेला, डोळ्याच्या अंदाजात पाच मीटरांची चूक कोणाचीही होईल. उलट ३० मीटरचा जोर लावून ठेवला आणि बिबट्या १० मीटरवर उगवला, तर नेम लागूनही जनावर जायबंदी होण्याचे भय. अंतर मोजण्याचे किरणयंत्र आज उपलब्ध आहे. तथापि ते हाती असले तरी जनावर येण्यापूर्वीच आसपासचा दगड, बोरीचे झुडूप, पाण्याची मोट किंवा विजेचा खांब यांची अंतरे मोजून ठेवावी लागतात. जनावर आल्यावर मोजमापाला वेळ नसतो. शिवाय अर्ध्या सेकंदाच्या प्रवासात सावकाश चालणारा बिबट्याही अर्धा मीटर पुढे गेलेला असतो, आणि वाटेत लागलेले उसाचे एक पातेही हलक्या बाणाची दिशा फिरविण्यास पुरते. म्हणून बिबट्या स्थिर उभा आहे, आडवा आहे, मध्ये काही नाही आणि अंतर ठाऊक आहे, या चार गोष्टी जुळल्यावाचून बार काढावयाचा नसतो.

हे सर्व पाहून झाल्यावर संशय माणसाच्या हातावर घ्यावा. सामान्यतः लोक नेमके उलटे करतात. नेम चुकला की प्रथम हाताला दोष देतात. हाताचा दोष असतोच, आणि मंद बंदुकीत तो अधिक दिसतो, याचेही एक सरळ कारण आहे. ६० सेंटिमीटर लांबीच्या नळीतून रायफलची गोळी हजारांश सेकंदाच्या दीडपट वेळात बाहेर पडते. तेवढ्याच नळीतून ६० मीटर वेगाचा बाण बाहेर पडण्यास सुमारे २० हजारांश सेकंद लागतात, म्हणजे बारापटीहून अधिक. चाप ओढल्याबरोबर बंदूक खाली करून बाण लागला की नाही हे पाहण्याचा मोह झाला, तर नळी हलते तेव्हा बाण अजून आतच असतो. यास्तव चाप ओढल्यानंतरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवण्याची सवय अंगी बाणविणे, आणि बंदूक खांबाला, बांधाला किंवा वाळूच्या पिशवीला टेकविणे, एवढे दोन उपाय हाताच्या बहुतेक दोषांना पुरेसे होतात.

आता हे संशय एकेक करून निस्तरावयाचे कसे? त्यासाठी जनावर नको. गवताचा भारा, त्यावर ताणलेला जाड पुठ्ठा आणि मोजलेले अंतर एवढे पुरे. बंदूक पक्की टेकवून, पाण्याने पूर्ण भरलेले व तराजूत सारखे उतरलेले बाण घेऊन, एकाच जोरावर पाच बार काढावेत. एका बाराने काहीच सिद्ध होत नाही. लागला तर तो योगायोग असेल, चुकला तरी योगायोगच असेल. पाच खुणा मात्र बोलू लागतात. पाचही खुणा जवळजवळ पण मध्याच्या बाजूस पडल्या, तर बंदूक निरोगी आहे आणि फक्त दुर्बीण किंवा माशी सरकवावयाची आहे. खुणा वरखाली लांब पसरल्या, तर वेग बदलतो आहे. दाब, दारू किंवा बाणाचे वजन तपासावे. डावीउजवीकडे पसरल्या, तर वारा, चाप ओढण्याची ढब किंवा टेकण याकडे पाहावे. जवळच्या अंतरावर खुणा घट्ट आणि थोडे लांब जाताच एकदम विस्कटलेल्या दिसल्या, तर बाण हवेत डोलतो आहे. पुठ्ठ्यावरचे भोक वाटोळे नसून लांबट दिसले म्हणजे त्याची साक्षच मिळाली. रायफलच्या हलक्या काडतुसांतही हीच खूण पाहतात. लांब गोळीला कमी वेगात पुरेशी फिरकी मिळाली नाही तर ती कागदातून आडवी जाते आणि भोक लांबट पडते.

या परीक्षेचा एक नियम मोडता कामा नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाण बदलला, दाबही वाढविला आणि दुर्बीणही फिरविली, आणि मग नेम लागला, तर कशाने लागला हे कोणास सांगता येणार नाही, आणि उद्या पुन्हा चुकला तर कोठे जावे हेही कळणार नाही. नीट राखलेल्या वहीत अंतर, दाब, बाणाचे वजन, उष्णमान आणि खुणांची जागा एवढे पाच रकाने असले, तर महिन्याभरात त्या विशिष्ट बंदुकीचा स्वभाव कागदावर उतरतो. दोन बंदुका एकाच कारखान्यात, एकाच दिवशी घडल्या तरी त्यांचा स्वभाव एक नसतो. म्हणून दुसऱ्या बंदुकीची वही उसनी घेऊन चालत नाही.

नेम लागला तरी काम संपत नाही, हेही श्रोत्यांच्या ध्यानी यावयास हवे. चित्रपटात सुई लागताच वाघ कोसळतो. प्रत्यक्षात बिबट्याला सामान्यतः दिली जाणारी केटामाइन व झायलॅझिन ही औषधे मांडीच्या किंवा खांद्याच्या भरदार स्नायूत नीट गेली, तरी भूल चढण्यास काही मिनिटे लागतात. बाण पोटात किंवा चरबीत गेला तर त्याहून उशीर होतो, आणि कधी अर्धीच भूल चढते. त्या काही मिनिटांत मोकळा बिबट्या उसाच्या फडात शिरला, तर अर्धवट गुंगीतले, दुखावलेले आणि भेदरलेले जनावर अंधारात शोधण्याचा प्रसंग येतो. शोधणारे असतात वनरक्षक आणि बहुधा त्यांच्यामागे आलेले गावकरी. म्हणूनच जाणते पशुवैद्य शक्य तेथे मोकळ्या बिबट्यावर बाण टाकण्याऐवजी तो पिंजऱ्यात, विहिरीत किंवा बंद खोलीत सापडल्यावर भूल देणे पसंत करतात. तेथे अंतर तीनचार मीटरांचे असते, आणि मग बंदुकीऐवजी तोंडाने फुंकावयाची नळीही पुरते. जोर आणखी कमी, पण अंतर ठाऊक, जनावर जागच्या जागी आणि बाण पारखलेला. त्यामुळे नेम सहसा चुकत नाही. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रासारख्या ठिकाणी असे पकडून आणलेले बिबटे ठेवले जातात.

आष्टीच्या शिवारात त्या वेळी असे काहीच सोयीचे नव्हते. ऊस उभा, रात्र लांब, जनावर मोकळे आणि गावोगाव भीतीने ग्रासलेली माणसे. अशा वेळी बाणाची बंदूक हाती घेणाऱ्या माणसाला एकच बार मिळण्याची शक्यता असते, आणि तीही मिळेलच असे नाही. तो बार फुकट गेला तर पुढचा निर्णय गोळीचा असतो. आणि गोळीचा निर्णय लांबला तर कदाचित आणखी एखाद्या घरचा दिवा विझतो. बाणाच्या वेगात शेकडा दहाची तूट, ही प्रयोगशाळेत नगण्य वाटणारी गोष्ट, अशा ठिकाणी बिबट्याच्या आणि माणसाच्या प्राणांशी जाऊन भिडते.

म्हणून ‘भूल देऊन का धरले नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याला दुसरा एक प्रश्न जोडावयास हवा. बिबट्या येण्यापूर्वी त्या बंदुकीने गवताच्या भाऱ्यावर किती बार काढले होते, दाबाची चकती केव्हा बदलली होती, आणि नेम धरणाऱ्याला सरावासाठी पुरेसे बाण आणि पुरेसा वेळ मिळाला होता काय? हे काम संकटाच्या दिवशी करावयाचे नसते. ते बिबट्याची वार्ताही नसलेल्या एखाद्या निवांत सकाळी, मोजलेल्या ३० मीटरवर, पुठ्ठ्यावरच्या पाच खुणा पाहत आणि वहीत आकडे मांडीत करावयाचे असते. त्या पाच खुणा एका तळहाताखाली झाकल्या जाईपर्यंत जो थांबतो, त्याच्याच हाती कायद्याने ठेवलेली दया शिवारात खरी उतरण्याचा संभव अधिक असतो.